काळी मेहंदी

निताच्या डोक्यावरचे केस हा राठोडांच्या घरात एकट्या निताचा विषय कधी नव्हताच. मुलगी रुचिका रांगत होती तेव्हाच तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरे केस डोकवायला लागले, आणि ते तिच्या आधी तिच्या सासूला दिसले. चंदाबाई तूर निवडत बसली होती. सुपातून मान वर करून तिनं सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "निता, तू तं नवीनपेक्षा मोठी दिसून राह्यली वं. लोक म्हनतीन, पोराले मोठी बायको करून देल्ली. काळे कर ते."

तेव्हापासून निता केस काळे करत होती. न्हाणीघराचं दार लावून, प्लास्टिकच्या वाटीत पाकिटातली पावडर कालवून, जुन्या टूथब्रशनं. कपाळावर डाग पडू नये म्हणून आधी तेलाचं बोट फिरवायचं, मग मानेवर जुना टॉवेल टाकायचा, आणि बाहेरून कोणी दार वाजवलं तर "आंघोळ करून राह्यली" म्हणून सांगायचं. वाटी, ब्रश, टॉवेल पुन्हा पत्र्याच्या डब्यामागं लपवून ठेवायचं.

तिच्या नवऱ्याचं, नवीनचं तसं नव्हतं. मेडशीच्या स्टँडजवळ त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानाला लागूनच रहीमचं सलून. केस पांढरे दिसायला लागले तसा तो रहीमच्या खुर्चीत जाऊन बसायचा, डोक्याला आणि मिशीला काळं लावून घ्यायचा, आणि ते वाळेपर्यंत बाकावर बसून सोयाबीनच्या भावावर बोलायचा. येणारे-जाणारे त्याला रामराम करायचे. नवीन राठोड केस काळे करून राहिला आहे, यात लपवण्यासारखं काही आहे असं मेडशीत कोणाला वाटलं नाही, नवीनला तर नाहीच.

मग निताच्या डोक्याला खाज सुटायला लागली. आधी काळं लावलं त्या दिवशी, मग दोन-तीन दिवस, मग आठवडाभर. तिनं सांगितलं तेव्हा नवीन म्हणाला, "कंपनी बदल." तिनं पाकीट बदललं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं केस रंगवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला डोळे उघडता येईनात. पापण्या लिंबाएवढ्या झाल्या होत्या, कान लाल होऊन बाहेर आले होते आणि कपाळावरून पाणी झिरपत होतं. दिवाळीचा फराळ तसाच ठेवून नवीननं तिला जवळच्या मालेगावला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर वयस्क होते आणि स्पष्ट बोलणारे होते. "बाई, तुमच्या अंगाला हा रंग चालत नाही. आता परत लावलात तर नुसत्या चेहऱ्यावर भागणार नाही, घसा आतून सुजेल, श्वास अडकेल. पाकिटातला नको, ट्यूबमधला नको, आणि ते काळी मेहंदी म्हणून विकतात ना, ते तर अजिबात नको. त्यातही तेच असतं. अगदीच वाटलं तर झाडाच्या पाल्याची हिरवी मेहंदी लावा. केस लाल होतील, पण जीव राहील."

नवीन शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं, मान डोलावली, "लिहून द्या साहेब" असंही म्हणाला. हे निताला पुढं फार आठवत राहिलं.

त्यानंतर तिनं केसांना काही लावलं नाही. भांगापासून पांढरी पट्टी रुंद होत गेली आणि खाली जुना काळा रंग लोंबत राहिला. बचत गटाच्या बैठकीत बायका विचारायच्या, "बिमार हायेस का वं?" स्टँडवर ओळखीची एक बाई म्हणाली, "घरचं काही दुख झालं का?" निता उत्तरं देऊन देऊन थकली. पण डोकं शांत झालं होतं. रात्री उशीवर डोकं टेकलं की खाजवावं लागत नव्हतं, आणि न्हाणीघरात तिला आता आंघोळीपुरताच वेळ लागत होता. आरशात ती हळूहळू स्वतःला ओळखायला लागली.

नवीन मात्र ओळखेना. त्यानं तिला लग्नाकार्याला सोबत न्यायचं सोडलं. "तुले घरी काम हाये ना, मी एकटाच जाऊन येतो," म्हणायचा आणि मोटरसायकल चालू करायचा. तिला कारण ठाऊक होतं आणि राग यायचा, पण एवढ्यासाठी काय भांडायचं म्हणून ती गप्प बसायची.

फाल्गुन लागला तसं रुचिकाला स्थळ आलं. रुचिका त्यांची एकुलती एक मुलगी, अकोल्याला एका शाळेत शिकवत होती. मुलगा केनवडचा, सेवादास चव्हाण, पुण्याच्या कंपनीत. त्याचे वडील बाबूलाल चव्हाण निवृत्त मुख्याध्यापक होते आणि समाजात त्यांच्या शब्दाला वजन होतं. रामनवमीला सगळे पोहरादेवीच्या यात्रेला जाणार, त्याच्या आधी मुलगी पाहून घेऊ, असा निरोप आला आणि येणारा रविवार ठरला. नवीन आनंदानं घरभर फिरत होता. भिंतींना चुना लागला, सोफ्याला नवी कव्हरं आली. मग त्याची नजर बायकोच्या डोक्यावर गेली.

"एका दिवसाचा तं प्रश्न हाये," तो म्हणाला.

"कायचा एक दिवस?"

"केसाचा. पाहुने येतीन. पोरीची माय अशी दिसली तं त्यायले वाटीन, पोरीचे केसबी असेच होतीन. खानदानी रोग समजतीन."

"डॉक्टरनं काय सांगतलं, आयकलं ना तुमी?"

"मी काळा रंग म्हनतच नाई ना. मेहंदी. पाल्याची. वाशीमले एक पार्लर हाये, केमिकल काहीच वापरत नाई. तिथं लावून घे. डॉक्टरच म्हने ना, मेहंदी चालते."

मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि पाल्याच्या मेहंदीनं काही होणार नव्हतं. "लाल होतीन केस," निता म्हणाली.

"होऊ दे लाल."

"काळं काहीच नाई लावनार मी. सांगून ठेवते."

"नको लावू. मी म्हनलं का?"

शुक्रवारी सकाळी ती निघायची तयारी करत होती, तर नवीन हातात पाण्याचा गिलास घेऊन आला. दुसऱ्या हातात एक गोळी होती. "घे. उनात जाचं हाये, पित्त खवळते तुह्यं."

लग्न झाल्यापासून नवीननं तिला आपण होऊन पाण्याचा गिलास आणून दिल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला बरं वाटलं. तिनं गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि मोटरसायकलवर त्याच्या मागं बसली तेव्हा खांद्यावर हातही ठेवला.

पार्लर पहिल्या मजल्यावर होतं. भिंतभर आरसा, त्यासमोर खुर्च्या, आणि आरशाच्या वर गुलाबी अक्षरांत 'हर्बल – केमिकल फ्री' असं लिहिलेलं. एका खुर्चीत लग्न ठरलेली कोणी मुलगी डोळ्यांवर काकडी ठेवून पडली होती. पार्लरची मालकीण तरतरीत होती, सगळे तिला मॅडम म्हणत. नवीन दारातूनच म्हणाला, "मॅडम, ह्याच त्या. मी जरा गोदामावर जाऊन येतो," आणि जिना उतरून गेला.

खुर्चीत बसायच्या आधी निता म्हणाली, "ताई, मले काळ्या रंगाची अलर्जी हाये. दवाखान्यात न्या लागलं होतं. मले पाल्याचीच मेहंदी पाह्यजे."

"हर्बलच आहे हो काकू. आपल्याकडं केमिकल नसतंच."

"काळी मेहंदी तं नाई ना थे?"

"नाही नाही. बसा तुम्ही निवांत."

मॅडम आतल्या खोलीत गेल्या, वाटीत काहीतरी कालवून आणलं आणि मागच्या बाजूनं लावायला सुरुवात केली. निताला आरशात आपला चेहरा दिसत होता, वाटी दिसत नव्हती. डोक्याला थंड लागत होतं. "मेहंदीच हाये ना?" तिनं पुन्हा विचारलं. मॅडम हसल्या, "किती घाबरता काकू!"

मग तिला वास आला. मेहंदी तिनं लहानपणापासून वाटली होती, हातांना लावली होती. तिला पाल्याचा, मातीसारखा ओला वास असतो. हा वास नाकात टोचत होता. हा न्हाणीघरातल्या वाटीतला वास होता. निताचा हात आपोआप मागं गेला. बोट पुढं आणून पाहिलं, तर टोकाला काळं लागलं होतं.

"धुवा हे," ती म्हणाली.

"अहो काकू, आत्ताच तर लावलं. अर्धा तास तरी ठेवावं लागतं."

"धुवा म्हनते ना मी! आत्ताच्या आत्ता!"

"अर्धंच डोकं झालंय, कसं दिसेल ते?"

निता उठली. अंगावरचा प्लास्टिकचा झगा तिनं ओढून काढला, कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकली आणि नळ पूर्ण सोडला. मानेवरून काळं पाणी पदरावर, जमिनीवर ओघळायला लागलं. काकडीवाली मुलगी उठून बसली होती. मॅडम मागं उभ्या राहून म्हणत होत्या, "काकू, फरशी! काकू, ऐका तरी! माझ्यावर काय चिडता? तुमच्या मिस्टरांनीच फोन केला होता. म्हणाले काळीच लावा, पण त्यांना सांगू नका, त्यांच्या मनात भीती बसलीय. म्हणाले, अलर्जीची गोळी मी देऊन आणतो."

नळाखाली वाकलेली निता तशीच थांबली. गिलास, गोळी, "उनात जाचं हाये." सकाळी तिनं खांद्यावर ठेवलेला हात. पाणी कानात जात होतं आणि तिला कळेना, डोक्याला आग लागलीय ती रंगानं की कशानं.

ती सरळ झाली. "मी खुर्चीत बसल्यावर तुमाले किती वेळा इचारलं?"

"अहो पण मिस्टर म्हणाले..."

"डोकं कोनाचं हाये? मिस्टरचं? मी समोर बसून तोंडानं सांगून राह्यली, अलर्जी हाये, दवाखान्यात न्या लागलं होतं, अन् तुमी फोनवरच्या मानसाचं आयकता? मी मेली असती तं काय सांगतलं असतं तुमी? मिस्टरले इचारून मारली?"

मॅडमचा चेहरा पडला, पण आवाज चढला. "हे बघा, माझ्या पार्लरमध्ये असं बोलायचं नाही. कस्टमर आहेत इथं."

"मी कोन हाओ मंग?" निता म्हणाली. तिथं लटकवलेला टॉवेल तिनं डोक्याला गुंडाळला आणि जिना उतरली.

खाली नवीन पानठेल्यावर उभा होता. गोदामावर तो गेलाच नव्हता. टॉवेल बांधलेली बायको पाहून त्याच्या तोंडाचा रंग बदलला.

"गोई कायची होती?" तिनं विचारलं.

"कोनती?"

"सकाळची."

नवीननं इकडंतिकडं पाहिलं. "निता, हळू बोल. लोक पाहून राह्यले."

"पित्ताची होती का अलर्जीची?"

"अवं, मेडिकलवाला म्हने, आधी गोई घेतली तं काहीच होत नाई. तुह्या भल्यासाठीच..."

"म्हंजे तुमाले मालूम होतं. रिॲक्शन येईन हे मालूम होतं, म्हनूनच गोई देल्ली. मालूम नसतं तं देल्लीच नसती."

नवीन मोटरसायकलची किल्ली हातात फिरवत म्हणाला, "चल, बस गाडीवर, दवाखान्यात नेतो." निता त्याच्या गाडीवर बसली नाही. तिनं हात करून ऑटो थांबवला. ऑटोत बसेपर्यंत तिचे कान गरम होऊन ताठ झाले होते आणि ओठ जड वाटायला लागला होता.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. तरुण डॉक्टरनं विचारलं, "हे झालं कसं? आधी त्रास झालेला असताना परत लावलं?" मागून आलेला नवीन चटकन म्हणाला, "चुकून लागलं साहेब." डोळे मिटत चाललेली निता खाटेवरून म्हणाली, "चुकून नाई. लिहून घ्या डॉक्टर. मले न सांगता लावलं, अन् लावाले यायनंच सांगतलं." डॉक्टरनं नवीनकडं पाहिलं. नवीन भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होता.

दिवस मावळताना ते घरी आले. चंदाबाई ओसरीवर बसून होती. सुनेचा चेहरा पाहून ती उठून उभी राहिली. गुडघ्यानं अधू झालेली म्हातारी, तिला उठायला एरवी आधार लागायचा. "काय झालं वं हे?"

निता म्हणाली, "तुमच्या पोराले इचारा."

नवीननं सांगितलं, अडखळत, निम्मं लपवत. पण म्हातारीनं निम्म्यावरून सगळं जोडलं. तिचे स्वतःचे केस कापसासारखे पांढरे होते आणि तिला कोणी कधी काही म्हटलं नव्हतं. ती मुलाला म्हणाली, "केस काळे कर म्हनून मी म्हनलं होतं, सगळ्यायच्या आंधी मीच म्हनलं होतं. मारून टाक म्हनून कोनं म्हनलं होतं रे?"

"माय, तू तं काहीही बोलतं."

"मी बोलतो? तू करून आला अन् मी बोलतो?"

निता आत जाऊन पडली. तिला रडू येत नव्हतं. डोळे एवढे सुजले होते की पाणी यायला जागाच नव्हती.

शनिवारी दुपारी रुचिका अकोल्याहून आली. तिनं आईचा चेहरा पाहिला आणि पिशवी खांद्यावरून न काढता तशीच खाटेवर बसली. आईनं सगळं सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "उद्याचं रद्द कर."

"काहून? तू काय केलं? येऊ दे त्यायले. तू पाय, तुले पसंत पडते का नाई ते." मग निता म्हणाली, "पन एक काम कर. हे केस काप माह्ये. मागचे अजून आग करून राह्यले. जुनं काळं, नवं काळं, सगळं काढून टाक."

रुचिकानं कैची आणली. अंगणात, कडुलिंबाच्या सावलीत आईला पाटावर बसवलं. तिनं काळे केस सगळे कापले, पार पांढऱ्यापर्यंत. मागच्या बाजूला रंग मुळाशी लागला होता, तिथं अगदी कातडीला लागून कापावं लागलं. निताच्या मानेला वारा लागला. तिनं डोक्यावरून हात फिरवला. बोटभर पांढरे केस, मऊ, कोंबडीच्या पिलासारखे.

नवीन दुकानातून जेवायला आला आणि अंगणात थबकला. जमिनीवर केस पडले होते.

"हे काय करून बसली? अवं, मी जिता हाओ अजून! लोक म्हनतीन नवरा मेला हिचा!"

"म्हनू द्या," निता म्हणाली. "मी मेली असती तं तुमी काय सांगनार होते लोकायले?"

"उद्या पाहुने येनार, अन् तू असं डोकं घेऊन बसशीन त्यायच्या समोर?"

"बसीन."

"नाई बसाचं. तू आत राह्य. मी सांगतो, माहेरी गेली, भाऊ बिमार हाये."

"अजून एक खोटं? तुमाले थकवा नाई येत का?"

रविवारी पाहुणे आले. बाबूलाल गुरुजी, त्यांची बायको आणि सेवादास. गुरुजी पांढऱ्या सदऱ्यात, केस दुधासारखे पांढरे आणि नीट विंचरलेले. नवीन वाकवाकून स्वागत करत होता आणि सारखा आतल्या दाराकडं पाहत होता. पोहे आले. पोह्यांसोबत निता आली. पदर डोक्यावर होता, पण चेहऱ्यावरची सूज आणि डोळ्यांभोवतीचं काळंनिळं पदरानं झाकण्यासारखं नव्हतं. ती सगळ्यांना नमस्कार करून खुर्चीवर बसली. बसताना पदर सरकला. तिनं तो पुन्हा वर घेतला नाही.

सेवादासची आई मायेनं म्हणाली, "बिमार होत्या का तुमी?"

"टायफॉइड झाल्ता," नवीन म्हणाला. "केस सगळे गेले."

"नाई," निता म्हणाली. "टायफॉइड नाई झाला मले." आणि तिनं सांगितलं. आवाज न चढवता, काही न सोडता. डॉक्टर, पार्लर, फोन, गोळी, सगळं. तुम्ही येणार म्हणून, तुम्हाला मुलीच्या आईचे केस काळे दिसावेत म्हणून हे झालं, हेही सांगितलं. सेवादासच्या आईनं चमचा खाली ठेवला.

बाबूलाल गुरुजींनी घसा साफ केला. "हे पाहा वहिनी, झालं ते वाईट झालं. पण राठोडसाहेबांनी मुलीच्या भल्यासाठीच केलं ना? घरची गोष्ट आहे. बाईमाणसानं थोडं सांभाळून घ्यावं लागतं. अशा गोष्टी चारचौघांत काढू नये."

निताच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस आयुष्यभर शाळेत मुलींना शिकवून आला होता. "गुरुजी," ती म्हणाली, "तुमचे केस पांढरे हायेत. तुमाले सुनेच्या घरी येता-येता कोनं काळे कर म्हनलं का?"

गुरुजी कसनुसे हसले.

रुचिका दाराशी उभी होती. ठरल्याप्रमाणे चहाचा ट्रे घेऊन यायचं होतं. ती ट्रे न घेताच आली. सेवादाससमोर उभी राहून तिनं विचारलं, "तुम्हाला काय वाटते यावर?"

सेवादासनं आधी वडिलांकडं पाहिलं, मग आईकडं. मुलगा वाईट दिसत नव्हता. ओशाळा होऊन म्हणाला, "मोठ्यांच्या समोर मी काय बोलणार?"

पाहुणे चहा घेऊन गेले. संध्याकाळी गुरुजींचा फोन आला आणि नवीननं तो उभ्यानं, "हो हो, जी जी" करत ऐकला. फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा उजळला होता. "मुलगी पसंत हाये म्हने! पाहा, मी म्हनलं नव्हतं? फक्त एवढंच म्हने, लग्नाच्या वक्ती इहीनबाईनं जरा सबुरीनं घ्यावं, अन् केस वाढले की काही तरी..."

"काही तरी काय?" निता ताडकन उठली.

रुचिकानं बाबाच्या हातातून फोन घेतला, तोच नंबर लावला आणि अंगणात जाऊन बोलली. आतून शब्द कळत नव्हते. परत येऊन तिनं फोन टेबलवर ठेवला. "मी 'नाही' म्हणून सांगितलं त्यांना."

नवीन आधी मुलीवर ओरडला, मग बायकोवर. "तुह्या केसापायी पोरीचं जमलेलं मोडलं!"

"माह्या केसापायी नाई," निता म्हणाली. "तुमच्या फोनपायी."

पुढचे कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, ताट समोर ठेवायची, आत निघून जायची. नवीनच्या मोठ्या चुलत्यानं येऊन समजूत घातली, गटातल्या बायकांनी घातली. सगळ्यांचा सूर एकच, झालं गेलं सोडून दे. सगळ्यांचं ऐकून घेऊन निता म्हणायची, "यायनं माह्यापाठीमांगं जे फोनवर सांगतलं, ते तिथंच जाऊन माह्यासमोर सांगावं, मी चूक केली म्हनून. मंग बोलीन मी." चुलता म्हणाला, एवढ्याशा गोष्टीसाठी पुरुषानं पार्लरात जाऊन बोलायचं? निता म्हणाली, फोन करताना तो पुरुषच होता ना.

शेवटी चंदाबाईनंच मुलाला टोकलं. "जा रे बापा, जाऊन ये. या घरात कोनी बोलत नाई, मले अन्न गोड लागत नाई." नवीन एका दुपारी दुकान बंद करून आला आणि म्हणाला, "चल."

ते एसटीनं वाशीमला गेले. पार्लरचा जिना नवीन निताच्या मागून चढला. आत खुर्चीत एक मध्यम वयाची बाई बसली होती, मॅडम तिच्या डोक्याला ब्रशनं काहीतरी लावत होत्या. आखूड पांढऱ्या केसांमुळे मॅडमनी निताला ओळखलं नाही. मग नवीनला पाहिलं आणि ओळखलं.

नवीन भिंतीकडं पाहत, भराभर म्हणाला, "त्या दिवशी मी फोन केल्ता तुमाले. हिले न इचारता. ते चुकलं माह्यं. ते करा नव्हतं पाह्यजे." आणि वळायला लागला.

"मीही तेच म्हणत होते," मॅडम म्हणाल्या, आवाजात सुटकेचा सूर होता. "त्यात माझी काय चूक?"

"तुमची?" निता म्हणाली. पंधरवडाभर आत कोंडून ठेवलेलं सगळं वर आलं. "यायनं माह्या पाठीमांगं सांगतलं. तुमी माह्या तोंडावर खोटं बोलल्या. मी इचारलं, काळी मेहंदी तं नाई ना? तुमी म्हनलं, नाई. मले दवाखान्यात सलाईन लागली. माह्ये डोळे बंद झाल्ते. अन् भिंतीवर अजून तेच लिहून हाये, केमिकल फ्री!"

"काकू, प्लीज, कस्टमर..."

खुर्चीतल्या बाईनं आरशातून निताकडं पाहिलं होतं. तिनं हात वर करून मॅडमचा ब्रश थांबवला. "थांबा. मला काय लावताय तुम्ही?"

"हर्बल आहे हो ताई."

"खोकं आणा. मला वाचायचंय."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. बाई खुर्चीतून अर्धी उठली. "खोकं आणा म्हणते ना!"

मॅडम आतल्या खोलीत गेल्या. नवीन दारातून म्हणाला, "झालं ना आता? चल निता, बस निघून जाईन."

"जाऊ द्या," निता म्हणाली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. "त्यायचं वाचून होऊ द्या आधी."